मोनोस्पेस फॉन्ट, कोडमधले लिगेचर आणि मराठी जोडाक्षरं: एडिटरमध्ये दोन्ही नीट कसं चालवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीसाठी हळदीच्या सौद्यांचा प्रोग्राम लिहायचा आहे. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फायरा कोड हा फॉन्ट लावला, लिगेचर (म्हणजे लागोपाठच्या चिन्हांची मिळून एक आकृती) चालू केले आणि != च्या जागी एक सुबक चिन्ह दिसायला लागलं. पण त्याच फाइलमध्ये शेतकऱ्यांच्या तालुक्यांची यादी टाकली की रकाने हलतात. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘कऱ्हाड’ फुटून दिसतं. लिगेचर बंद केले तरी त्यात फरक पडत नाही. शिवाय ‘कऱ्हाड’ शोधलं तर निम्म्याच नोंदी सापडतात. फॉन्ट बदलायचा, एडिटर बदलायचा, की सेटिंग चुकलंय?

फॉन्ट बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. एकाच वेळी दिसतात म्हणून या तक्रारी एका मुळाच्या वाटतात, पण प्रत्येकीचं मूळ निराळं आहे. सेटिंगची आणि फीचरची (फॉन्टमधल्या नियमांच्या गटांची) नावं पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

आधी एक भेद पक्का करा. != चं एक चिन्ह होणं ही हौस आहे, बंद केलं तरी कोड वाचता येतो. श् आणि व मिळून श्व होणं ही गरज आहे, ते झालं नाही तर मराठी वाचता येत नाही. ही दोन्ही कामं करणारं यंत्र मात्र एकच, शेपिंग इंजिन. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस आणि क्रोमियमवर उभा असलेला व्हीएस कोड या सगळ्यांत हार्फबझ हे इंजिन आहे. विंडोजचं स्वतःचं डायरेक्टराइट, मॅकचं कोअरटेक्स्ट. इंजिनच्या हातात युनिकोड क्रमांकांची (प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेल्या क्रमांकांची) रांग आणि एक फॉन्ट येतो. फॉन्टमधले जीसब आणि जीपॉस हे दोन तक्ते वाचून ते कोणती आकृती कुठे बसवायची हे ठरवतं. जीसब आकृती बदलतो, जीपॉस तिची जागा ठरवतो. एडिटरचं काम एवढंच की आख्खी ओळ, निदान आख्खा शब्द, न तोडता इंजिनकडे द्यायचा आणि परत आलेलं उत्तर जसंच्या तसं काढायचं. बहुतेक बिघाड इथेच होतात.

!= च्या आत काय चालतं

मोनोस्पेस फॉन्टमध्ये प्रत्येक आकृतीची रुंदी सारखी असते. जेटब्रेन्स मोनो किंवा आयबीएम प्लेक्स मोनो घेतला तर १००० एककांच्या चौकटीत ती ६०० आहे. म्हणजे १४ पिक्सेल आकाराला एक घर ८.४ पिक्सेलचं आणि ४० घरांची ओळ ३३६ पिक्सेलची. आता दोन चिन्हांची मिळून खरोखरच एक आकृती केली, तर एडिटरला दोन अक्षरं आणि एक आकृती असा हिशोब जमवावा लागतो आणि मधे कर्सर कुठे ठेवायचा याचा घोळ होतो. म्हणून फायरा कोडसारखे फॉन्ट निराळी युक्ती करतात. ! च्या जागी एका घराची रिकामी आकृती बसवतात. = च्या जागी जी आकृती येते तिची नोंदलेली रुंदी एकाच घराची असते, पण तिच्या रेघा डावीकडे मागच्या घरात शिरलेल्या असतात. डोळ्याला एक चिन्ह, हिशोबाला दोन घरं. त्यामुळे खालच्या ओळीशी रकाना जुळलेला राहतो आणि कर्सरही दोन्हींच्या मधे बरोबर थांबतो.

हे काम ‘कॅल्ट’ नावाच्या फीचरमध्ये ठेवलेलं असतं, म्हणजे मागचंपुढचं अक्षर बघून बदल करणारं फीचर. ‘लिगा’ हे साधं लिगेचर फीचर वेगळं. कॅल्टमध्ये नुसतं ‘बदल’ असं सांगून भागत नाही, ‘कुठे बदलू नको’ हेही सांगावं लागतं. != च्या पुढे आणखी एक = असेल तर हा नियम थांबला पाहिजे, कारण ते !== आहे आणि त्याची आकृती वेगळी. मागे आणखी एक ! असेल तरीही थांबायचं. शेरे वेगळे काढायला ========== अशी रेघ मारली असेल, तर त्यातून मधूनच === ची आकृती डोकावता कामा नये. चांगल्या फॉन्टमध्ये अशा अपवादांची रांग असते. घाईत लिगेचर चिकटवलेल्या फॉन्टमध्ये ती नसते. फॉन्ट पारखताना ही एक रेघ टाइप करून बघा, लगेच कळतं.

गिटहबच्या मोनास्पेसने २०२३ मध्ये कॅल्टचा आणखी एक चांगला उपयोग दाखवला. इंग्रजी एम हे अक्षर एका घरात कोंबलेलं दिसतं आणि आय सैल. ही दोन शेजारी आली की एमची आकृती आयच्या घरातली मोकळी जागा थोडी वापरते. घरं तेवढीच राहतात, वाचन सुधारतं. लिगेचर नको असणाऱ्यांनीही हे एकदा लावून बघावं.

आता कळ कुठे दाबायची. व्हीएस कोडमध्ये एडिटर.फॉन्टलिगेचर्स हे सेटिंग आहे. त्याला ‘ट्रू’ दिलं की लिगा आणि कॅल्ट चालू होतात, ‘फॉल्स’ दिलं की दोन्ही बंद. तिसरा प्रकार म्हणजे अवतरणात फीचरची नावं देणं, आणि इथे पुष्कळ जण फसतात. समजा लिगेचर नकोत, फक्त शून्यात तिरपी रेघ हवी, म्हणजे पावती क्रमांकात शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होणार नाही. मग तुम्ही नुसतं ‘झीरो’ लिहिता आणि लिगेचर परत उगवतात. कारण तुमची अवतरणातली यादी जशीच्या तशी ब्राउझरच्या इंजिनकडे जाते आणि तिथे कॅल्ट आणि लिगा मुळातच चालू असतात. म्हणून पूर्ण लिहा: ‘कॅल्ट’ ऑफ, ‘लिगा’ ऑफ, ‘झीरो’ ऑन.

आणखी एक खाच अशी की फीचरचं नाव तेच असलं तरी प्रत्येक फॉन्टमध्ये त्याचा अर्थ तोच असेल असं नाही. झीरो हे ठरलेलं नाव आहे आणि फायरा कोड, जेटब्रेन्स मोनो दोन्ही ते पाळतात. पण एसएस०१ ते एसएस२० हे संच फॉन्टकाराच्या मर्जीवर असतात. फायरा कोडमध्ये एसएस०१ ने इंग्रजी आरचा आकार बदलतो, कॅस्केडिया कोडमध्ये त्याच नावाने तिरप्या अक्षरांना हस्ताक्षरी वळण येतं आणि रेघेचं शून्य तिथे एसएस१९ मध्ये मिळतं. फॉन्ट बदलला की ही यादी नव्याने लिहायची.

जेटब्रेन्सच्या आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये, सेटिंग्ज, एडिटर, फॉन्ट या पानावर लिगेचरची खूण आहे. सब्लाइम टेक्स्टमध्ये फॉन्ट_ऑप्शन्समध्ये ‘नो_कॅल्ट’, ‘नो_लिगा’ टाकायचं. किटी टर्मिनलमध्ये डिसेबल_लिगेचर्सला ‘कर्सर’ अशी किंमत देता येते. मग कर्सर ज्या लिगेचरवर असेल तेवढंच सुटं होतं, बाकीचे राहतात. ही सोय फार उपयोगी आहे, दुसऱ्या टर्मिनलांतही हवी होती. अलाक्रिटी आणि जीनोम टर्मिनलमध्ये कोडचे लिगेचर होत नाहीत, तिथे सेटिंग शोधत बसू नका.

लिगेचर कुठे घात करतात तेही सांगायला हवं. हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतल्या, आकड्यातला एक्स काही फॉन्टमध्ये गुणाकाराच्या फुलीसारखा होतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या साच्यात, सुटी चिन्हं मोजायची असतात आणि तिथे ती एकमेकांत मिसळलेली दिसतात. सगळ्यात वाईट म्हणजे कोणी फाइलमध्ये खरंखुरं ≠ हे चिन्ह चिकटवलं असेल, तर ते आणि != चं लिगेचर यांतला फरक नजरेला कळत नाही; कंपायलर अडखळतो आणि माणूस ओळीकडे बघत राहतो. म्हणून कोड तपासताना आणि दुसऱ्याला शिकवताना लिगेचर बंद ठेवावेत हे माझं ठाम मत आहे. मार्कडाउनसारख्या फाइलींपुरते बंद करायचे असतील तर व्हीएस कोडमध्ये चौकटी कंसात त्या भाषेचं नाव देऊन तिच्यापुरतं फॉल्स लिहिता येतं.

मराठीचं शेपिंग

फायरा कोडमध्ये देवनागरी नाही. जेटब्रेन्स मोनोत नाही, कॅस्केडियात नाही, आयोसेव्कातही नाही. म्हणजे तुमच्या पडद्यावर दिसणारी मराठी अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात. तुम्ही सांगितलं नसेल तर विंडोज ८ पासून पुढे बहुधा निर्मला यूआय, त्याआधीच्या मशीनवर मंगल. लिगेचरची कळ दाबून मराठीत फरक का पडत नाही याचं उत्तर इथे आहे. कळ ज्या फॉन्टच्या नियमांना लागू पडते तो फॉन्ट मराठी अक्षरं काढतच नाही, आणि मराठीची जोडाक्षरं ज्या फीचरांनी बनतात ती कॅल्ट-लिगात नसतातच.

देवनागरी दिसली की हार्फबझ मजकूर अक्षरसमूहांत तोडतो. प्रत्येक समूहातलं मुख्य व्यंजन ठरवतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणून ठेवतो. साठवणीत ती नंतर असते. मग ठरलेल्या क्रमाने फीचर लागतात: नुक्ता, मग क्ष आणि ज्ञसाठी ‘अख्न’, रफारासाठी ‘आरपीएचएफ’, अर्ध्या अक्षरांसाठी ‘हाफ’, जोडाक्षरांसाठी ‘सीजेसीटी’. त्यानंतर रफार आपल्या जागी सरकतो, सजावटीची फीचर लागतात आणि शेवटी जीपॉस अनुस्वार-मात्रा अक्षराच्या डोक्यावर नेमक्या ठिकाणी बसवतो. ‘मूर्ती’ घ्या. साठवणीत म, दुसरा उकार, र, हलन्त, त, दुसरी वेलांटी अशी सहा चिन्हं आहेत. पडद्यावर र आणि हलन्त मिळून एक रफार झाला आणि तो तीच्या डोक्यावर गेला.

ही फीचर सक्तीची आहेत, एडिटरच्या सेटिंगने ती जात नाहीत. पण एक बारीक अपवाद आहे. देवनागरीच्या ठरलेल्या यादीत कॅल्ट शेवटी येतं. एखाद्या फॉन्टकाराने अक्षराच्या रुंदीप्रमाणे वेलांटीची लांबी बदलण्याचं काम कॅल्टमध्ये ठेवलं असेल, तर व्हीएस कोडमध्ये लिगेचर फॉल्स केल्यावर वेलांटी आखूड दिसते, आणि ब्राउझरमध्ये तोच फॉन्ट ठीक दिसतो. उलट बाजूने, हार्फबझ देवनागरीसाठी लिगा आपणहून बंद ठेवतो. ट्रू केल्यावर तो चालू होतो आणि फॉन्टमध्ये लिगात काही असेल तर ते अचानक दिसायला लागतं. मराठीत काही विचित्र दिसलं आणि फक्त एडिटरमध्येच दिसलं, तर आधी ही शक्यता तपासा.

मराठी फॉन्ट स्वतः नेमा, नशिबावर सोडू नका. एडिटर.फॉन्टफॅमिलीत आधी फायरा कोड, मग तुमचा देवनागरी फॉन्ट, शेवटी मोनोस्पेस. क्रम उलटा केला तर इंग्रजीही देवनागरी फॉन्टमधून यायला लागतं, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरं असतात, आणि सगळे रकाने मोडतात. आयबीएम प्लेक्स मोनो वापरत असाल तर जोडीला आयबीएम प्लेक्स सॅन्स देवनागरी घ्या, रेघेची जाडी जुळते. जेटब्रेन्सच्या आयडीईत त्याच फॉन्टच्या पानावर टायपोग्राफी सेटिंग्जमध्ये फॉलबॅक फॉन्टची, म्हणजे मुख्य फॉन्टमध्ये अक्षर नसेल तेव्हा वापरायच्या फॉन्टची, जागा आहे.

मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर जरा जास्त बघावं लागेल. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण धरला. पण पुष्कळ फॉन्टमध्ये ही रूपं ‘एलओसीएल’ या फीचरमागे असतात आणि मजकूर मराठी आहे असं इंजिनला सांगितलं तरच ती बाहेर येतात. नोटो सॅन्स देवनागरीत ही सोय आहे. पण कोडच्या फाइलमधला कोणता शब्द मराठी, हे एडिटर इंजिनला सांगत नाही. म्हणून ज्याच्यात मराठी रूपं मुळातच पुढे आहेत असा फॉन्ट निवडणं, हाच एडिटरपुरता खरा उपाय.

तीन आकडे सांभाळा. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे एडिटर.लेटरस्पेसिंग, शून्यच ठेवा. इंग्रजी मोकळं दिसावं म्हणून तिथे ०.५ टाकलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते आणि लोक फॉन्टला दोष देतात. ओळीची उंची वाढवा. व्हीएस कोडमध्ये एडिटर.लाइनहाइटला ८ पेक्षा लहान आकडा दिला तर तो अक्षराच्या आकाराची पट धरतो, मराठीसाठी १.६ च्या आसपास ठेवा, म्हणजे १४ च्या अक्षराला साधारण २२ पिक्सेल. त्याखाली ‘टट्टू’चा खालचा उकार आणि ‘सर्वांत’मधले रफार-अनुस्वार कापले जायला लागतात. तिसरा आकडा अक्षराच्या मापाचा. तेवढ्याच मापात देवनागरी बऱ्याचदा बारीक वाटते, पण लिपीप्रमाणे वेगळं माप द्यायची सोय व्हीएस कोडमध्ये नाही. ईमॅक्समध्ये फेस-फॉन्ट-रिस्केल-अलिस्टमध्ये देवनागरी फॉन्टला १.२ लिहा, वेझटर्ममध्ये फॉलबॅक फॉन्टला स्केल देता येतो. ईमॅक्स २७ पासून हार्फबझ वापरतो, त्यामुळे मराठी तिथे नीट जुळते.

टर्मिनल आणि रकाने

व्हीएस कोडच्या मुख्य खिडकीत ‘कऱ्हाड’ नीट आणि खालच्या टर्मिनलमध्ये फुटलेलं, असं का? कारण एडिटरची खिडकी आकृत्यांची खरी रुंदी मोजते, टर्मिनल मोजत नाही. टर्मिनल म्हणजे घरांची जाळी. प्रत्येक चिन्हाला आधीच ठरलेली घरं मिळतात: शून्य, एक किंवा दोन. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर काही मात्रांच्या कळा दाबल्यावर गाडी पुढे सरकत नसे, तसाच हा शून्य घरांचा हिशोब. रूढ मोजणीत उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त, अर्धचंद्र ही शून्य घरांची. काना, दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा आणि विसर्ग मात्र एकेक घर घेतात, कारण युनिकोडने त्यांना जागा व्यापणारी चिन्हं म्हणून नोंदलं आहे. काही टर्मिनलं यांनाही शून्य धरतात, त्यामुळे दोन टर्मिनलांत एकच यादी वेगळी दिसते.

तुमच्याच यादीतली तीन नावं घ्या.

‘वाई’ म्हणजे तीन चिन्हं, साठवणीच्या यूटीएफ-८ पद्धतीत ९ बाइट, टर्मिनलमध्ये ३ घरं.

‘कऱ्हाड’ म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट, ५ घरं. डोळ्याला अक्षरं तीनच.

‘महाबळेश्वर’ म्हणजे दहा चिन्हं, ३० बाइट, ८ घरं. डोळ्याला सहा अक्षरं.

आता १२ रुंदीचा रकाना करा. पायथॉन चिन्हं मोजून रिकाम्या जागा भरतो: वाईला ९, कऱ्हाडला ६, महाबळेश्वरला २. टर्मिनलवर पुढचा रकाना अनुक्रमे १२, ११ आणि १० घरांनंतर सुरू होतो. जावास्क्रिप्टचं पॅडएंडही या नावांपुरतं तेच करतं. सी भाषेतलं प्रिंटएफ बाइट मोजतं, म्हणून वाईला फक्त ३ जागा मिळतात आणि बाकी दोघांना एकही नाही. पुढचा रकाना ६, ५ आणि ८ घरांनंतर येतो. कुठलाही फॉन्ट लावा, हा घोळ तसाच राहणार, कारण तो फॉन्टच्या आधीच्या पायरीवर झालेला आहे. एडिटरच्या खिडकीत तर घरंच नसतात. तिथे क ची रुंदी वेगळी, र ची वेगळी, काना बारीक. ८० व्या रकान्यावर आखलेली उभी रेघ मराठी ओळीशी जुळत नाही तीही याच कारणाने.

म्हणून मराठी मजकूर रिकाम्या जागा भरून ओळीत आणायचा नादच सोडा. कोडमध्ये तालुक्यांना इंग्रजी अक्षरी कळशब्द द्या आणि मराठी नावं वेगळ्या फाइलीत ठेवा. एकाच ओळीत ठेवायचीच असतील तर मराठी नाव सगळ्यात शेवटच्या रकान्यात टाका. आधीचे आकडे आणि तारखा मग कधीच हलत नाहीत. टर्मिनलवर दाखवायचं असेल तर घरं मोजणारी लायब्ररी वापरा, पायथॉनमध्ये डब्ल्यूसीविड्थ नावाची आहे, पण तिचं आणि तुमच्या टर्मिनलचं मत एकच आहे का ते आधी वरच्या तीन नावांवर तपासा. पेढीला द्यायच्या पट्टीसाठी आणि बिलासाठी एचटीएमएल किंवा पीडीएफमधला खरा तक्ता करा. डॉट मॅट्रिक्सच्या साध्या अक्षर-मोडवर मराठी रकाने जमवण्यात वेळ घालवू नका.

व्हिमबद्दल थोडंसं. त्याची अख्खी रचनाच घरांच्या जाळीवर आहे. मॅक्सकंबाइन हे सेटिंग वाढवून एका घरात जास्त मात्रा रचता येतात, पण जोडाक्षरांची अपेक्षा तिथे ठेवू नका. मराठी मजकूर संपादन दुसऱ्या एडिटरमध्ये करा.

कर्सर जोडाक्षराच्या मधेच थांबतो, ही तक्रारही याच वेळी ऐकू येते. युनिकोडच्या जुन्या नियमाने श्व हे दोन तुकडे होते, ‘श्’ आणि ‘व’. सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत हलन्ताने जोडलेली देवनागरी व्यंजनं एकत्र धरायचा नियम आला. ज्या प्रोग्राममध्ये जुना तक्ता आहे तिथे बाणाची कळ दोनदा दाबावी लागते. बॅकस्पेसने जोडाक्षराचा एकेकच भाग पुसला जाणं मात्र मुद्दाम ठेवलेलं आहे. टाइप करताना चुकलेली वेलांटी तेवढीच पुसता यावी म्हणून ते तसंच असलेलं बरं.

‘कऱ्हाड’ शोधल्यावर निम्म्याच नोंदी का

हा शेपिंगच्या यशाचा दुष्परिणाम आहे. इंजिन इतकं नीट काम करतं की तीन वेगळ्या साठवणी पडद्यावर अगदी सारख्या दिसतात.

पहिली साठवण: क, मग युनिकोड ०९३१ चा ऱ, हलन्त, ह, काना, ड. दुसरीत ऱ च्या जागी साधा र आणि त्यामागे नुक्ता ०९३सी असतो. तिसरीत साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे २००डी क्रमांकाचं झेडडब्ल्यूजे, आणि मग ह. कीबोर्ड बदलला, जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून यादी चिकटवली, की साठवण बदलते.

पहिली आणि दुसरी युनिकोडच्या एनएफसी या सामान्यीकरणाने एक होतात. तिसरी होत नाही, तिला हाताने बदलावं लागतं. म्हणून नोंद आत घेतानाच दोन पायऱ्या करा. आधी एनएफसी. मग र, हलन्त, झेडडब्ल्यूजे ही तीन चिन्हं लागोपाठ दिसली आणि पुढे ह किंवा य असेल, तर त्या तिघांऐवजी ऱ आणि हलन्त ठेवा. ‘शेतकऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ सगळे एका साच्यात येतात. सरसकट सगळे झेडडब्ल्यूजे पुसू नका. ते पुसले तर तिसऱ्या साठवणीतला ऱ्हा रफार होऊन ‘कर्हाड’ उमटतं आणि ते चूक आहे. शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी चिकटलेली अदृश्य चिन्हं मात्र बिनधास्त काढा. व्हीएस कोडमध्ये एडिटर.युनिकोडहायलाइट.इनव्हिजिबलकॅरेक्टर्स चालू असेल तर अशी चिन्हं चौकटीत दिसतात. ती चौकट त्रासदायक वाटली तरी डेटाच्या फाइलींपुरती चालूच असू द्या.

बिघाड शोधायचा क्रम

पडद्यावर काय दिसतंय त्यावरून निम्मं निदान होतं. पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडत असेल तर मजकूर शेपिंग इंजिनपर्यंत गेलेलाच नाही, तो प्रोग्राम एकेक चिन्ह काढतो आहे. फॉन्टला हात लावू नका, प्रोग्राम बदला. वेलांटी जागेवर पण जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसत असेल तर फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नाही, किंवा मधे २००सी क्रमांकाचं तोडचिन्ह शिरलंय. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मात्रा तिच्या व्यंजनापासून तुटली आहे. एक तर साठवणच चुकीची आहे, नाहीतर रंग देताना एडिटरने शब्द नेमका तिथे कापलाय. रंग काढून, म्हणजे फाइल साध्या मजकुराच्या प्रकारात उघडून बघा. वर्तुळ गेलं तर दोष रंग देणाऱ्या एक्स्टेंशनचा. != अधूनमधून सुटं दिसणं याचंही कारण तेच असू शकतं, दोन चिन्हांना दोन रंग मिळाले की काही एडिटरांत साखळी तुटते. नुसते चौकोन दिसले तर फॉन्टच नाही.

कोणता फॉन्ट खरोखर वापरला जातोय हे अंदाजाने ठरवू नका. व्हीएस कोडमध्ये हेल्प मेनूतून डेव्हलपर टूल्स उघडा, मराठी ओळ निवडा आणि कम्प्युटेड या भागात तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स बघा. कोणत्या फॉन्टमधून किती आकृत्या आल्या ते तिथे लिहिलेलं असतं. नेमलेला फॉन्ट तिथे नसेल तर बहुधा नाव चुकलंय. फाइलचं नाव आणि फॉन्टचं आतलं नाव वेगळं असू शकतं.

तरीही कळलं नाही तर हार्फबझसोबत येणारं एचबी-शेप हे छोटं साधन वापरा. त्याला फॉन्टची फाइल आणि शब्द द्यायचा. उत्तरात चौकटी कंसात प्रत्येक आकृतीचं नाव, ती मूळ रांगेतल्या कितव्या चिन्हापासून बनली तो आकडा, आणि अधिकच्या खुणेनंतर तिची रुंदी येते. ‘महाबळेश्वर’ दिल्यावर श, हलन्त आणि व यांच्या जागी सुटी हलन्ताची आकृती दिसली तर दोष फॉन्टचा. सगळं बरोबर आलं आणि एडिटरमध्ये चुकतंय, तर दोष एडिटरचा. फीचर्स या पर्यायात उणे कॅल्ट देऊन पुन्हा चालवा, म्हणजे तुमच्या सेटिंगचा परिणाम वेगळा काढता येतो. लँग्वेजमध्ये एमआर देऊन बघितलं आणि ल, श यांच्या आकृत्यांची नावं बदलली, तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत.

तपासणीसाठी एक ओळ कायम हाताशी ठेवा, सगळ्या अवघड जागा तिच्यात येतात: कऱ्हाड, म्हसवड, महाबळेश्वर, विठ्ठल, टट्टू, खड्डा, मूर्ती, सर्वांत, द्राक्ष, कृष्णा, ज्ञान, शेतकऱ्याला. नवा फॉन्ट, एडिटर किंवा टर्मिनल घेतलं की आधी ही ओळ, मग != === !== => आणि दहा बरोबरच्या खुणांची रेघ. ही सगळी नीट उमटली तरच पेढीच्या मशीनवर ते बसवा.